बुरशी, बंगालचा दुष्काळ आणि दोन वेगवेगळी १९४१ सालं



आज आम्ही चर्चेला घेतला आहे तो एक जुना शोधनिबंध. जेमतेम काही पानांचा. १९७३ साली ‘ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ फायटोपॅथॉलॉजी’ या वनस्पतिरोगशास्त्राच्या वार्षिकात तो छापून आला. लेखक एस. वाय. पद्मनाभन, कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेतले ज्येष्ठ शास्त्रज्ञ. लेखाचं नाव ‘द ग्रेट बेंगॉल फॅमिन’. रोगशास्त्राच्या नियतकालिकात आणि शीर्षक दुष्काळाचं! तिथेच आपण थबकतो.

लेखाची सुरुवातही शास्त्रीय लेखासारखी नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये तरुण पद्मनाभन बंगालमध्ये बुरशीतज्ज्ञ म्हणून रुजू व्हायला निघाले होते. ब्रह्मपुत्रेवरच्या बहादुराबाद घाटापासून ढाक्यापर्यंत वाटेत त्यांना प्रेतं दिसली, मरणपंथाला लागलेली माणसं दिसली. तीस वर्षांनी लिहिताना ते तिथूनच सुरुवात करतात. मग सांगतात की याच्या आदल्या हंगामात, म्हणजे १९४२ च्या पावसाळ्याअखेरीस, बंगालच्या भातावर बुरशीची प्रचंड साथ आली होती. त्यांच्या मते या साथीला जोड शोधायची तर १८४५ च्या आयर्लंडमधल्या बटाट्याच्या रोगापर्यंतच मागे जावं लागेल.

आता या मोजक्या पानांचं पुढे काय झालं ते बघा. आपल्यात कोणी कृषी पदवीधर असतील तर त्यांनी हे वाक्य पाठ केलेलं असेल: बंगालचा दुष्काळ भातावरच्या तपकिरी ठिपक्यांच्या रोगामुळे पडला. स्पर्धा परीक्षेत एका गुणाचा प्रश्न. उलट, इतिहास किंवा अर्थशास्त्र शिकलेल्यांना विचारा. ते सांगतील की हा दुष्काळ मानवनिर्मित होता, धान्य होतं पण लोकांपर्यंत पोचलं नाही. दोन्ही वाक्यं एकाच विद्यापीठाच्या आवारात, दोन वेगळ्या इमारतींत, सुखाने नांदतात. त्यांची गाठ पडत नाही. आजचं बोलणं आहे ते ही गाठ घालून देण्यासाठी.

आधी रोग समजून घेऊ. बुरशीचं त्या काळातलं नाव हेल्मिंथोस्पोरियम ओरायझी, आता तिला बायपोलॅरिस ओरायझी म्हणतात. पानावर लंबगोल तपकिरी ठिपके पडतात. साथ जोरात असली तर दाण्यावरही डाग येतात, दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. शेत लांबून उभं दिसतं. कापणी झाल्यावर घात कळतो. पद्मनाभन यांचं म्हणणं असं की १९४२ मध्ये नेमका फुलोऱ्याच्या आणि दाणा भरण्याच्या वेळी ढगाळ हवा, अवेळी पाऊस आणि उष्मा असा योग आला. मुख्य पीक म्हणजे हिवाळ्यात कापणीला येणारं ‘आमन’ भात. घाव त्याच्यावर बसला.

पुरावा कोणता? चिनसुरा आणि बांकुडा इथल्या भात संशोधन केंद्रांतल्या वाणवार उत्पादनाच्या नोंदी, १९४१ च्या आणि १९४२ च्या. शेजारी शेजारी मांडल्या की छाती दडपते. काही वाणांचं उत्पादन निम्म्याहून खाली गेलेलं, काहींचं तर नव्वद टक्क्यांपर्यंत बुडालेलं.

हा पुरावा मोलाचा आहे, कारण तो तोलून घेतलेला आहे. कोणाच्या अंदाजावर बेतलेला नाही. पण त्याच्या मर्यादाही मांडायला हव्यात. केंद्रं दोन, आणि दोन्ही पश्चिम बंगालातली. दुष्काळाने ज्यांना चिरडलं त्यांत पूर्वेकडचे ढाका, चितगाव हे भागही होते. शिवाय तिथला प्रयोगप्लॉट म्हणजे शेतकऱ्याचं शेत नव्हे. आणि १९४२ चं उभं पीक पद्मनाभन यांनी स्वतः बंगालमध्ये पाहिलेलं नव्हतं; ते पोचले वर्षभराने. दोन केंद्रांवरून सहा कोटींच्या प्रांताबद्दल बोलायचं तर मध्ये मोठा पूल बांधावा लागतो. या लेखात तो पूल नाही, उडी आहे.

आता दुसऱ्या इमारतीत जाऊ. अमर्त्य सेन यांचं ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ आलं १९८१ मध्ये. दुष्काळाच्या वर्षी सेन नऊ वर्षांचे होते, शांतिनिकेतनात. त्यांनीही तो डोळ्यांनी पाहिलेला. त्यांचा हिशेब असा: १९४३ मध्ये बंगालमध्ये उपलब्ध असलेला तांदूळ आधीच्या पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण पाचच टक्के कमी होता, आणि १९४१ पेक्षा तर तेरा टक्के जास्त होता. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही. मग १९४३ मध्ये का पडला? कारण धान्य असणं वेगळं आणि माणसाला ते मिळवता येणं वेगळं. युद्धाच्या पैशाने भाव चढले, मजुरी चढली नाही. सेन यांच्या पुस्तकात बुरशीचा उल्लेख येतो, पण ओझरता.

या हिशेबाचा पाया कोणता? सरकारी पीक-अंदाज. ते कसे निघत, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको, कारण आणेवारी हा शब्द आपल्या हाडात मुरलेला आहे. क्षेत्र, ठरवून ठेवलेलं सरासरी उत्पादन आणि यंदा पीक किती आणे याचा डोळ्यांनी केलेला अंदाज, या तिघांचा गुणाकार. बंगालमध्ये खालची माहिती गावच्या चौकीदाराकडून येई. हे आकडे कच्चे आहेत याची सेन यांना जाणीव होती, आणि कमी-जास्त धरूनही त्यांनी हिशेब तपासला. पण आम्ही म्हणतो तो मुद्दा वेगळा आहे. लांबून उभं दिसणारं आणि आतून पोचट असलेलं पीक ज्या रोगाने तयार होतं, नेमका तो रोग नजरअंदाजाला चकवतो. मार्क टॉगर या इतिहासकाराने २००३ मध्ये हीच बाजू लावून धरली आणि पद्मनाभन यांच्या नोंदी पुन्हा पुढे आणल्या.

इथे आम्हाला एक गंमत सापडली, आणि खरं तर तिच्यासाठीच हे व्याख्यान. दोघंही तुलनेला ‘१९४१’ घेतात. पण हे एकच साल नाही! सेन यांचं १९४१ म्हणजे त्या वर्षी खायला मिळालेला तांदूळ. त्याचा मोठा भाग १९४० च्या अखेरीस कापलेल्या आमनाचा, आणि ते पीक पडेल होतं. पद्मनाभन यांचं १९४१ म्हणजे त्या वर्षी शेतात उभं राहिलेलं पीक, जे वर्षाअखेरीस घरात आलं आणि चांगलं आलं. एकाने वाईट वर्षाशी तुलना केली, म्हणून तूट दिसेनाशी झाली. दुसऱ्याने चांगल्या वर्षाशी केली, म्हणून तूट राक्षसी झाली. कोणी लबाडी केली असं मुळीच नाही. एकाचं वर्ष बाजाराचं, दुसऱ्याचं शेताचं. पण पुढची पन्नास वर्षं लोक ‘१९४१ पेक्षा जास्त’ आणि ‘१९४१ पेक्षा कितीतरी कमी’ ही दोन वाक्यं एकमेकांवर फेकत राहिले, आणि सालाचं नाव एकच असल्याने वाद समोरासमोर चाललाय असा भास होत राहिला.

बरं, धरून चालू की पद्मनाभन यांचं बरोबर आहे आणि तूट मोठी होती. तरी मेलं कोण? महालनोबीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुष्काळानंतर गावोगाव नमुना पाहणी केली, ती १९४६ मध्ये छापली. सर्वांत जास्त उद्ध्वस्त झाले ते शेतमजूर, कोळी आणि वाहतुकीवर पोट असलेले लोक. कोळ्याच्या जाळ्यात बुरशी शिरत नाही. जपानी सैन्य येईल या भीतीने सरकारने १९४२ मध्ये किनारी भागातल्या हजारो होड्या ताब्यात घेतल्या किंवा निकामी केल्या. दहापेक्षा जास्त माणसं नेणारी होडी ठेवायची नाही, असा दंडक. होडी गेली की कोळ्याचं, नावाड्याचं सगळंच गेलं. डिसेंबर १९४२ मध्ये कलकत्त्याला तांदूळ मणाला तेरा-चौदा रुपये होता, पुढच्या ऑगस्टात सदतीस. पानावरचा ठिपका कोळ्यापर्यंत पोचला तो या भावाच्या वाटेने, आणि ती वाट सरकारच्या दारावरून जाते. कलकत्त्यातल्या कारखान्यांच्या कामगारांना स्वस्त धान्य मिळालं. खेड्यांसाठी दुष्काळ-संहिता होती, पण प्रांतिक सरकारने दुष्काळ जाहीरच केला नाही.

आयर्लंडची उपमा पद्मनाभन यांच्यावरच उलटते ती इथे. तोच बटाट्याचा रोग त्याच वर्षी बेल्जियमला आणि हॉलंडलाही गेला. तिथेही माणसं मेली, पण आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या घरात मेली तशी नाही. रोग तोच, राज्यव्यवस्था वेगळ्या.

मग रोगाची गोष्ट काढताच मानव्यविद्यांतले लोक बिचकतात का? आम्हाला त्यांची भीती समजते. वीस-तीस लाख माणसं गेली. १९४५ च्या चौकशी आयोगाने तर पंधराच लाख मोजली. अशा वेळी ‘बुरशी आली होती हो’ हे वाक्य साम्राज्याच्या वकिलाला आयतं मिळतं. म्हणून मग ‘मानवनिर्मित’ या शब्दाला धक्का लागेल असं काही ऐकूनच घ्यायचं नाही, अशी सवय लागते. २०१९ मध्ये भारतातल्या दुष्काळांचा मातीच्या ओलाव्यावरून अभ्यास झाला. निष्कर्ष असा की १९४३ चा दुष्काळ अवर्षणाने पडलेला नाही. निष्कर्ष चांगला आहे. पण बातम्यांत त्याचं झालं ‘विज्ञानाने सिद्ध केलं, दोष फक्त धोरणाचा’. अवर्षण नव्हतं एवढ्याने पीक बुडालं नाही असं कुठे ठरतं? ही बुरशी तर ओलीवरच वाढते!

आम्ही एका योगायोगाकडे लक्ष वेधतो. पद्मनाभन यांचा लेख आला त्याच वर्षी सत्यजित राय यांचा ‘अशनि संकेत’ आला, बिभूतिभूषण बंद्योपाध्याय यांच्या कादंबरीवरचा. रंगीत, हिरवागार. दुष्काळाचा सिनेमा इतका सुंदर कसा, असं तेव्हा लोकांनी विचारलं. पण हिरव्या शेताच्या कडेला माणूस उपाशी मरतो, हेच रायना दाखवायचं होतं. आम्ही पद्मनाभन वाचून तो पुन्हा पाहिला, तेव्हा त्या हिरव्यावर शंका आली. लांबून हिरवं आहे ते जवळून कसं असेल? चित्रपटाने हा प्रश्न विचारलेला नाही, लेखाने विचारायला लावला. आणि उलटंही खरं: लेखाच्या तक्त्यांत माणूस नाही, तो चित्रपटात आहे.

शेवटचा मुद्दा, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. तपकिरी ठिपक्यांचा हा रोग कुठे बळावतो? रोगशास्त्रज्ञ स्वतः सांगतात की निकस जमिनीत, पालाश आणि सिलिका कमी असलेल्या मातीत, पाण्याचा ताण पडलेल्या पिकावर. त्याला गरीब शेतकऱ्याचा रोग म्हणतात ते उगीच नाही. म्हणजे जमीन उपाशी असते तिथे ही बुरशी येते. मग जमीन उपाशी का, हा प्रश्न खताचा आहे, तसाच खंडाचा, सावकारीचा आणि जमीनदारीचाही आहे. पद्मनाभन यांच्या लेखाचा भर हवेवर आहे. मातीची ही बाजू त्यांच्याच शास्त्रात होती, तिला धरून ते पुढे गेले असते तर राजकारण त्यांना शेतातच भेटलं असतं.

तेव्हा आमचा निवाडा असा. हा लेख साक्षीदार म्हणून खरा आहे, न्यायाधीश म्हणून नाही. पीक बुडालं हे त्याने सांगितलं, त्याचं ऐकलं पाहिजे. माणसं का मेली हे त्याने ठरवलं, तिथे त्याला थांबवलं पाहिजे. आणि ‘धान्य होतंच’ एवढ्यावर विसंबून जे बुरशीला दाराबाहेर ठेवतात, त्यांना आम्ही एकच सांगू: पीक खरंच बुडालं असेल तर सरकारचा गुन्हा हलका होत नाही, जड होतो. कोठारं भरलेली असताना गाफील राहणं वेगळं. कोठार रिकामं होतंय, भाव महिन्यागणिक चढतायत, आणि तरी दुष्काळ जाहीर न करणं, होड्या परत न देणं, हे त्याहून वाईट.

आज आपल्याकडे पैसेवारीचे आकडे लागतात, पन्नासच्या वर की खाली यावर एके काळी तालुक्याचं भवितव्य ठरायचं. तो आकडा समोर आला की दोन प्रश्न विचारा. हे पीक जवळ जाऊन कोणी पाहिलं? आणि तुलना कोणत्या वर्षाशी केली? पहिला प्रश्न रोगशास्त्रज्ञाचा आहे, दुसरा इतिहासकाराचा. दोन्ही एकाच माणसाला विचारता यायला हवेत.

आम्ही इथे थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ.