तार तुटली तर दुकान कोण चालवणार?

एज कॉम्प्युटिंगचा विषय निघाला की पहिला मुद्दा येतो वेगाचा. तो चुकीचा नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १००० किलोमीटरवरच्या सर्व्हरकडे जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद लागणारच. पण खरं सांगा, किती दुकानांना हे १० मिलिसेकंद जाचतात? जाचतं ते लाइन जाणं. आमच्या मते एजची कसोटी तिथेच लागते, आणि आजची बरीच मांडणी तिथेच कमी पडते.

कुबरनेटीस घ्या. गूगलने २०१४ साली खुली केलेली ही प्रणाली कंटेनरमधली ॲप्लिकेशन्स अनेक यंत्रांवर वाटून चालवते. ती घडली डेटा सेंटरसाठी. तिथे एक यंत्र मेलं तर शेजारी दुसरं असतं, आणि मधलं नेटवर्क सहसा चालू असतं.

आता नियंत्रण क्लाऊडमध्ये आणि नोड दुकानात, अशी रचना करून बघा. लाइन गेली. चालू कंटेनर चालूच राहतात, हे चांगलं. पण नेहमीच्या सेटिंगप्रमाणे साधारण ५ मिनिटांनी नियंत्रण ठरवतं की हा नोड गेला, त्याचं काम दुसरीकडे सुरू करा. दुसरीकडे म्हणजे कुठे? कॅमेरा या दुकानात, वजनकाटा या दुकानात!

त्यात वीज जाऊन आली तर? यंत्र ठणठणीत आहे, सॉफ्टवेअर डिस्कवर आहे. पण काय चालवायचं हे नोड क्लाऊडला विचारतो आणि उत्तर येत नाही. गल्ल्यावरचा माणूस मात्र गिऱ्हाइकासमोर उभा.

यावर उपाय आले. रँचरने २०१९ मध्ये के३एस आणलं: १०० एमबीपेक्षा लहान एकच फाइल, जड डेटाबेसऐवजी एसक्यूलाइट. काम उत्तम आहे. पण हलकं होणं म्हणजे स्वावलंबी होणं नव्हे. नियंत्रण दूरच ठेवलं, तर अडचण तीच राहते. हुवावेने सुरू केलेल्या कुबएजने मूळ गृहीतकालाच हात घातला: नोडला मिळालेल्या सूचना तो जागेवरच साठवतो, त्यामुळे लाइन नसतानाही यंत्र पुन्हा उभं राहतं.

तिसरा मार्ग अमेरिकेतल्या चिक-फिल-ए या उपाहारगृहांच्या साखळीचा. त्यांच्या अभियंत्यांनी २०१८ मध्ये लिहिलं, की प्रत्येक ठिकाणी तीन छोटे संगणक ठेवून सगळा क्लस्टरच तिथे चालवतो. एक संगणक बंद पडला तरी उरलेले दोन निभावतात. आम्हाला ही रचना प्रामाणिक वाटते. पण किंमत बघा: २००० उपाहारगृहं म्हणजे २००० क्लस्टर. प्रत्येकाची अपग्रेड, प्रमाणपत्रं, सुरक्षेच्या दुरुस्त्या. आणि हे सगळं करायचं तिथे एकही तंत्रज्ञ नसताना.

शिवाय यांपैकी कोणतंही साधन एका प्रश्नाचं उत्तर देत नाही. लाइन नसताना दोन दुकानांनी गोदामातली शेवटची वस्तू विकली, तर खरी नोंद कोणती? कार्डाचा व्यवहार बँकेशी बोलल्याशिवाय घ्यायचा की नाकारायचा? हे निर्णय ॲप्लिकेशन लिहिणाऱ्याने आणि धंदा चालवणाऱ्याने आधी एकत्र बसून घ्यायचे असतात. ते टाळायचे आणि कंटेनरमध्ये घातलं म्हणून ॲप्लिकेशनला आधुनिक म्हणायचं, यावर आमचा आक्षेप आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी एजचं सादरीकरण दाखवलं, तर आलेख बघण्याआधी एवढंच करायला सांगा. नेटवर्कची केबल काढा. यंत्र बंद करून पुन्हा चालू करा. आणि आता एक बिल करून दाखवा म्हणावं.