उडी खरी, पण घर कुणाचं?

हाँगकाँगच्या कँटोनीज मारामारीच्या सिनेमांचं नाव काढलं की आपले शिकलेले मित्र नाक मुरडतात. म्हणतात, त्यात गोष्ट कुठाय? नुसत्या माकडउड्या. मला हे पटत नाही. ज्याला घाम वाचता येत नाही त्याला ही गोष्ट वाचता येणार नाही. पण मी या सिनेमांचा भाट नाही. दोन्ही बाजू मांडतो.

१९८३ चा ‘प्रोजेक्ट ए’ घ्या. जॅकी चॅन घड्याळाच्या मनोऱ्यावर काट्याला लोंबकळतोय. बोटं सुटत चाललीत. ही कल्पना १९२३ च्या हॅरॉल्ड लॉइडच्या मूकपटातली. पण लॉइड वाचतो, चॅन पडतो. दोन कापडी छपरं फाडत थेट जमिनीवर. आणि हे पडणं लगोलग दोनदा दाखवलंय. अख्खा माणूस चौकटीत दिसतो. हा पुरावा आहे. कॅमेरा म्हणतो, बघून घ्या, माणूस खरंच पडलाय.

आता गोष्ट कुठाय ते बघा. १९७३ साली गेलेल्या ब्रूस लीचा नायक अजिंक्य होता. चॅननं उलटं केलं. त्याचा नायक घाबरतो, पळतो, ठोसा हाणून स्वतःचाच हात झटकतो. हातात येईल ते हत्यार. खुर्ची, शिडी, छत्री. अडचण आली, चुकला, मार खाल्ला, तोड काढली, पुन्हा अडचण. प्रत्येक मारामारीत अशी एक कथा आहे, आणि हसू त्या दुखण्यातूनच येतं. ज्याला मार लागतच नाही तो देव. देवांच्या गोष्टी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ऐकवून झाल्यात.

ही अंगं आली कुठून? चॅनचा बाप वकिलातीत आचारी, आई तिथंच कामाला. पोरगं लहानपणीच यू जिम-युएन यांच्या चिनी ऑपेराच्या शाळेत घातलं. सॅमो हंग, युएन बियाओ तिथलेच सोबती. छड्या खात, उलटं उभं राहत शिकलेली ही पोरं. पुढं ऑपेराचे दिवस सरले तेव्हा हीच अंगं सिनेमाला विकावी लागली. कसब पोटातून आलंय, पुस्तकातून नाही.

आणि शेवटी नावं सरकताना काय दाखवतात? चुकलेल्या उड्या, रक्त, स्ट्रेचर. १९८६ च्या ‘आर्मर ऑफ गॉड’च्या वेळी युगोस्लाव्हियात झाडावरून पडून चॅनची कवटी फुटली. तेही दाखवलंय. मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. कापडाच्या ठाणावर कुणाचं बोट गेलं ते छापलेलं नसतं. इथं मालाबरोबर मजुराची जखमही बाजारात येते. ही मोठी गोष्ट आहे.

पण दोस्तहो, आता दुसरी बाजू.

१९८५ चा ‘पोलीस स्टोरी’. पहिल्याच धाडीत डोंगरउतारावरच्या झोपडपट्टीतून गाड्या सुसाट खाली येतात. पत्रे, फळ्या, भिंती चुरा होतात. माणसं जीव घेऊन पळतात. आपण टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या. मग गोष्ट गाडीमागं धावते, बसला छत्रीचा आकडा लावून लोंबकळते, आणि वस्तीकडं परत येत नाही. ज्या पोलिसानं हे केलं तो खात्याच्या प्रचाराचा चेहरा बनतो. आणि हे हाँगकाँग कुठलं? १९५३ च्या नाताळात शेक किप मेईची झोपडपट्टी जळून पन्नास हजारांवर माणसं एका रात्रीत उघड्यावर आली ते. त्या शहराला झोपडी म्हणजे काय हे ठाऊक होतं. तरी पडद्यावर झोपडी म्हणजे फुटायचं सामान!

शेवटी मॉलमध्ये चॅन दिव्यांच्या माळा लावलेल्या खांबावरून घसरतो, हाताची कातडी भाजते. ती उडी आपल्याला पुन्हा पुन्हा दाखवतात. या सिनेमात एवढी काच फुटली की स्टंटवाल्यांनी त्याला ‘ग्लास स्टोरी’ म्हटलं. काच मोजली गेली. झोपड्या कुणी मोजल्या?

‘आर्मर ऑफ गॉड’ची सुरुवात तर याहून वाईट. नायक एका जमातीच्या पूजेतली तलवार पळवतो आणि लिलावात विकतो. हाँगकाँग तेव्हा इंग्रजांच्या ताब्यात होतं, १९९७ पर्यंत राहिलं. गुलाम शहराचा नायक, आणि धंदा साहेबाचा! ती माणसं फक्त हसण्यासाठी आणि पाठलागासाठी. त्यांच्यातल्या एकालाही नाव नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या सिनेमांत अंग खरं बोलतं, गोष्ट खोटं बोलते. उडी मारणाऱ्याची जखम दिसते, ज्याच्या छपरावर उडी पडली त्याची दिसत नाही.

हे आपल्यालाही लागू आहे. आपणही कवितेत, पथनाट्यात जखम उघडी करतो. लोक हळहळतात, टाळ्या वाजवतात. पण जखम दाखवली की काम झालं असं समजू नका. ती कुणी केली, छप्पर कुणी पाडलं, हे विचारल्याशिवाय आपली उडीही नुसती कसरतच. चॅनकडून खरं पडायला शिका. पण पडल्यावर वस्तीत परत जायला विसरू नका.

जयभीम.