‘आमच्या घरातलीच’ : ‘नाइव्ह्ज आउट’ चित्रपटातील कृपेची भाषा

धनिक घरातील वृद्ध निवर्तल्यावर त्याची शुश्रूषा करणाऱ्या व्यक्तीचे त्या घरात स्थान काय, हा प्रश्न सामान्यतः शिष्टाचाराचा समजला जातो. रायन जॉन्सन यांनी लिहिलेल्या व दिग्दर्शित केलेल्या ‘नाइव्ह्ज आउट’ (२०१९) ह्या अमेरिकन चित्रपटात तो मुख्यतः भाषेचा प्रश्न झालेला आहे. रहस्यकथा म्हणून ह्या चित्रपटाचे पुष्कळ कौतुक झाले व त्याच्या पटकथेला ऑस्कर पारितोषिकासाठी नामांकनही मिळाले. परंतु त्यातील रहस्य ज्या सामाजिक व्यवहारावर उभे आहे, तो व्यवहार पात्रांच्या बोलण्यातून कसा उघड होतो, हे स्वतंत्रपणे तपासण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखाची मर्यादा तेवढीच आहे.

कथानक थोडक्यात असे. हार्लन थ्रॉम्बी हा मॅसॅच्युसेट्समधील विख्यात रहस्यकथाकार. त्याच्या ८५व्या वाढदिवसाच्या समारंभानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मृत आढळतो. त्याची परिचारिका मार्ता काब्रेरा ही लॅटिन अमेरिकेतून आलेल्या कुटुंबातील तरुणी असून तिच्या आईपाशी अमेरिकेतील वास्तव्याची कायदेशीर कागदपत्रे नाहीत. मुलगी लिंडा, जावई रिचर्ड, मुलगा वॉल्ट, दिवंगत मुलाची पत्नी जोनी आणि नातवंडे हे सर्व मार्ताशी गोड बोलतात. मृत्युपत्र वाचले जाते. वाडा, प्रकाशनसंस्था आणि ६ कोटी डॉलर, असे सर्व काही हार्लनने मार्ताच्या नावे केलेले असते. त्या क्षणापासून गोड बोलणे संपते.

हे वळण ‘मुखवटा गळून पडला’ एवढ्या शब्दांत सांगून भागत नाही. मुखवटा म्हटला की त्यामागे निराळा चेहरा गृहीत धरावा लागतो. थ्रॉम्बी कुटुंबाच्या बाबतीत मात्र आधीचे बोलणे व नंतरचे बोलणे ह्यांचे व्याकरण एकच आहे. मार्ता ही कुटुंबातलीच आहे, तिची काळजी आम्ही घेऊ, अशा आशयाची आश्वासने तिला प्रारंभी मिळतात. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाचे रूप एकच असल्याने त्यात श्रोत्याचा समावेश आहे की नाही, हे रूपावरून कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. म्हणून ही आश्वासने मराठीत आणू गेल्यास निवड करावीच लागते. ‘तू आपल्या घरातलीच’ असे म्हटले तर श्रोता बोलणाऱ्याच्या बरोबरीने घराचा धनी होतो. ‘तू आमच्या घरातलीच’ असे म्हटले तर ‘घरातलीच’ ह्या शब्दाने जिला आत घेतले, तिलाच ‘आमच्या’ ह्या शब्दाने उंबऱ्याबाहेर ठेवलेले असते. थ्रॉम्बी कुटुंबाच्या तोंडी हे दुसरे वाक्यच शोभते. सामावून घेण्याचा अधिकार त्यांचा आहे, म्हणून वगळण्याचाही त्यांचाच आहे.

आपल्याकडील ‘घरच्यासारखी’ हा शब्द ह्या संदर्भात अधिक प्रामाणिक म्हणावा लागेल. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ती उपमा आहे, आणि उपमेत साम्याबरोबर भेदही मान्य केलेला असतो. ‘घरातलीच’ हे रूपक आहे. त्यात अभेदाचा दावा आहे आणि दावा केला की तो पाळण्याची जबाबदारी येते. महाराष्ट्रातील घरांत व रुग्णालयांत शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला ‘मावशी’ म्हणण्याची रीत आहे. त्या संबोधनाने नाते जोडले जाते, पण पंक्तीतील पान किंवा घरातील खुर्ची त्याबरोबर मिळतेच असे नाही. तेव्हा थ्रॉम्बी कुटुंबाचे वर्तन परके म्हणून दूर सारण्याची सोय मराठी प्रेक्षकाला फारशी नाही.

इंग्रजी व्याकरण जो भेद दाखवीत नाही, तो जॉन्सन यांनी प्रसंगांतून दाखविला आहे. वाढदिवसाच्या समारंभात परदेशांतून येणाऱ्या लोकांविषयी वाद चाललेला असताना रिचर्ड मार्ताला बोलावून घेतो. कायद्याने आलेल्या, कष्टाळू माणसाचे उदाहरण म्हणून तो तिची प्रशंसा करतो आणि बोलता बोलता आपली रिकामी बशी तिच्या हाती देतो. बशी देताना त्याचे तिच्याकडे लक्षही नसते. प्रशंसा जाणीवपूर्वक केलेली आहे, बशी अभावितपणे दिलेली आहे. आणि अभावित कृतीची साक्ष येथे अधिक विश्वसनीय ठरते. अंत्यविधीला मार्ताला बोलावलेले नव्हते. त्याविषयी कुटुंबातील एकाहून अधिक जण तिला स्वतंत्रपणे सांगतात की, तू यावेस असे माझे मत होते, पण बहुमत विरुद्ध पडले. प्रत्येक जण अल्पमतात असेल तर बहुमत कोणाचे, हे गणित प्रेक्षकाने मनात करावयाचे आहे. मार्ताचे कुटुंब मूळचे कोठले, हेही कोणाला धड ठाऊक नाही. कोणी इक्वेडोर म्हणतो, कोणी पॅराग्वे, कोणी उरुग्वे, तर कोणी ब्राझील. ब्राझीलची भाषा पोर्तुगीज आहे आणि मार्ताच्या घरी स्पॅनिश बोलली जाते. पण तेवढा भेद लक्षात येण्यासाठी तिचे बोलणे कधी तरी ऐकलेले असावे लागते.

जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली दिलेल्या आणि १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत, मनात नसताना दिलेले वचनही वचनच ठरते, असा सिद्धान्त मांडला आहे. ते पोकळ असते; पण दिले गेलेले असते. ह्या दृष्टीने वॉल्टचा प्रसंग महत्त्वाचा आहे. आईच्या कागदपत्रांचे प्रकरण उघडकीस येऊ शकते, अशी सहानुभूतीच्या सुरात दिलेली धमकी घेऊन तो मार्ताकडे येतो. तिने वारसा सोडल्यास कुटुंबाच्या साधनसंपत्तीच्या बळावर, उत्तम वकील देऊन, आम्ही हे निस्तरू शकू, असे तो सुचवितो. मार्ता त्याच्याकडून एवढेच वदवून घेते की, पुरेशी साधने असली म्हणजे हे निस्तरता येते. मग ती शांतपणे सांगते की, हार्लनने ती सर्व साधने मला दिलेली आहेत. तेव्हा मीच ते करीन. वॉल्टचे विधान तिने खोडलेले नाही. त्यातील ‘आमची’ ह्या जागी तिने ‘माझी’ घातले आहे. दान देणारा बदलला, की त्याच वाक्यातून कृपा नाहीशी होते आणि सत्ता तेवढी उरते. चित्रपटातील सर्वांत मार्मिक संवाद हाच होय.

ह्याच सूत्राचा दुसरा धागा संबोधनाचा आहे. रॉजर ब्राऊन व आल्बर्ट गिल्मन यांनी १९६० साली सर्वनामांच्या संदर्भात सत्ता व समभाव अशी दोन तत्त्वे सांगितली. इंग्रजीत ‘तू’ व ‘तुम्ही’ हा भेद आज उरलेला नसल्याने अंतर राखण्याचे काम नावांकडे येते. हार्लनचा नातू रॅन्सम ह्याचे पहिले नाव ह्यू आहे. पण त्या नावाने त्याला फक्त घरातील नोकरांनी हाक मारावी, असा त्याचा दंडक आहे. विषप्रयोगाने मरणासन्न झालेली मोलकरीण फ्रॅन मार्ताला जे अखेरचे सांगते, ते मार्ताला ‘हे तू केलेस’ असे ऐकू येते. वस्तुतः ती ‘हे ह्यूने केले’ असे म्हणत असते. इंग्रजीत ‘ह्यू’ आणि ‘यू’ ह्यांत एका हकाराचेच अंतर आहे आणि क्षीण श्वासात तो हकार टिकत नाही. नोकरांना दूर ठेवण्यासाठी केलेला नियमच अशा रीतीने अपराध्याचे नाव सांगतो. ही योजना निव्वळ कोटी म्हणून सोडून देता येत नाही. संबोधनातील विषमता येथे पुराव्याच्या पदाला पोचली आहे.

शेवटी हाच रॅन्सम, आम्ही तुला घरात घेतले आणि तू आमचा वडिलोपार्जित वाडा लुबाडलास, असा आक्रोश करतो. त्यावर बेन्वा ब्लांक हा गुप्तहेर हसतो. कारण तो वाडा हार्लनने १९८०च्या दशकात एका पाकिस्तानी धनिकाकडून विकत घेतलेला असतो. ‘वडिलोपार्जित’ हा शब्दही ‘घरातलीच’ ह्या शब्दाच्याच जातीचा ठरतो.

चित्रपटात एक उणीव मात्र राहिली आहे. खोटे बोलल्यास मार्ताला वांती होते, अशी कल्पना दिग्दर्शकाने योजली आहे. रहस्याच्या दृष्टीने ती सोयीची असली, तरी तिच्यामुळे मार्ताचे सौजन्य देहधर्माइतके अटळ होते. वारसा तिला शोभतो, कारण ती निर्मळ आहे, असे प्रेक्षकाला वाटू लागते. आणि ‘चांगली आहे म्हणून आपली’ ही तर रिचर्डचीच कसोटी होती. मध्यम प्रतीची, थोडी लोभी, क्वचित खोटे बोलणारी परिचारिका असती, तर तिचा हक्क कमी ठरला असता काय? हा प्रश्न चित्रपटाने टाळला आहे. मेगच्या चित्रणात तो काहीसा जवळ येतो. मार्तावर तिचा जीव खरा आहे, तरीही स्वतःचे शिक्षण धोक्यात येताच घरच्यांच्या दबावाखाली ती मार्ताच्या आईचे गुपित सांगून टाकते. तिचा भाव खोटा नव्हता, पण तो पुरेसाही नव्हता. आणि ह्या बारकाव्यात चित्रपट इतरत्र आहे त्यापेक्षा अधिक खोल जातो.

तथापि ह्या उणिवेचे काहीसे परिमार्जन कथानकाच्या गाभ्यातच आहे. औषधांच्या दोन कुप्यांतील द्रव रॅन्समने गुप्तपणे परस्पर बदलून ठेवलेले असतात. मार्ता चिठ्ठी न वाचता, द्रवाच्या परिचयानेच योग्य औषध टोचते. नंतर चिठ्ठी वाचल्यावर आपल्या हातून मॉर्फीनची घातक मात्रा गेली, अशी तिची समजूत होते. म्हणजे तिने औषध दिले ते बरोबरच होते. घात झाला तो चिठ्ठीवर विश्वास ठेवल्याने. येथे तिला तारणारा गुण निष्पापपणा नसून वर्षानुवर्षांच्या शुश्रूषेने हाताला आलेले ज्ञान हा आहे. थ्रॉम्बी कुटुंबाने तिला ‘घरातलीच’ ही चिठ्ठी चिकटविली होती. हार्लनशी तिचे जे नाते होते, ते रोजच्या औषधातून, गप्पांतून व गो ह्या पटावरील खेळातून घडले होते; त्याला तशा चिठ्ठीची गरज पडली नव्हती.