बऊरची बातमी कुठून सुरू करायची?

आधी ही दोन वाक्यं वाचा. दोन्ही मी वर्गात शिकवण्यासाठी रचली आहेत, कुठल्या पेपरातून घेतलेली नाहीत.

‘जलवाहिनीविरोधी आंदोलनाला हिंसक वळण, तिघांचा मृत्यू.’
‘बऊरजवळ पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी ठार.’

घटना एकच. ९ ऑगस्ट २०११, मावळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग. पण पहिल्या वाक्यात गोळी कोणी झाडली हे कळतच नाही. वळण आपसूक लागतं, मृत्यू आपसूक होतो. दुसऱ्यात कर्ता समोर येतो.

फ्रेमिंग शिकवताना बहुतेकदा आपण इथेच थांबतो. मुलांना वाटतं, पहिलं वाक्य पक्षपाती, दुसरं खरं, झाला धडा पूर्ण. माझा आक्षेप नेमका यावर आहे.

रॉबर्ट एंटमन यांनी १९९३ मध्ये चौकटीची चार कामं सांगितली: प्रश्न काय ते ठरवणं, त्याचं कारण दाखवणं, बरं-वाईट ठरवणं आणि उपाय सुचवणं. आता हे चार प्रश्न दुसऱ्या वाक्याला विचारा. प्रश्न काय? गोळीबार. कारण? पोलीस. उपाय? चौकशी, कारवाई. यातलं काहीच चूक नाही. पण पाणी कुठे गेलं?

पवना धरणाचं पाणी नदीत सोडायचं आणि खाली रावेतला उचलायचं, अशी पिंपरी-चिंचवडची व्यवस्था. त्याऐवजी धरणातून थेट बंद पाइपने पाणी न्यायची योजना आली. गळती आणि प्रदूषण टळेल, असं शहराचं म्हणणं. नदीच वाहती राहिली नाही तर आमच्या शेतीचं काय, असं मावळच्या शेतकऱ्यांचं म्हणणं. बातमी इथून सुरू केली, तर ९ ऑगस्ट हा गोष्टीचा पहिला दिवस राहत नाही.

गोळीबाराची टीव्हीवरची दृश्यं लोक विसरले नाहीत, आणि ती दाखवायलाच हवी होती. पण शांतो अय्यंगार यांनी १९९१ च्या पुस्तकात दाखवलंय की बातमी सुट्या प्रसंगापुरती राहिली, की प्रेक्षक जबाबदारी व्यक्तींवर टाकतात. धोरण, व्यवस्था नजरेआड होते. म्हणजे पीडितांच्या बाजूची चौकटसुद्धा काहीतरी कापतेच. बंदूक कोणाच्या हातात होती यावर आपण भांडतो. पाण्याचा निर्णय कोणी, कोणाला विचारून घेतला, हे राहून जातं.

म्हणून वर्गात नावडती बातमी सोलून काढणं सोपं आहे, त्यातून मुलं फार तर ‘मीडिया विकलेला आहे’ एवढं म्हणायला शिकतात. अवघड काम दुसरंच. तुम्ही शिकवत असाल तर मुलांना त्यांना पटलेली बातमी आणायला सांगा, आणि विचारा: ही गोष्ट एक दिवस आधी, दहा वर्षं आधी सुरू केली असती तर त्यात आणखी कोण आलं असतं?

तुम्हीही आज एका बातमीवर हे करून बघा. मात्र बातमी तुम्हाला पटलेलीच हवी.