प्रौढ वर्गाचे पाठटाचण : निकष एकीकडे, पाठ दुसरीकडे

प्रौढ साक्षरता वर्गासाठी लिहिलेली पाठटाचणे तपासताना एक गोष्ट वारंवार जाणवते. टाचणाच्या वरच्या भागात उद्दिष्टे असतात, खालच्या भागात कृती असतात आणि या दोहोंची एकमेकांशी ओळखही नसते. उद्दिष्ट असते, ‘अध्ययनार्थी साधा मजकूर समजून वाचतो’. कृती असते, अध्यापकाने फळ्यावर अक्षरे लिहावीत व सर्वांनी ती एका सुरात म्हणावीत. ‘निकषाधिष्ठित नियोजन’ हा शब्दप्रयोग प्रशिक्षणवर्गांतून बराच रूढ झाला आहे. मात्र मूळ निकष काय म्हणतो हे टाचण लिहिणारा क्वचितच उघडून पाहतो. प्रस्तुत लेखात राष्ट्रीय साक्षरता मिशनचे निकष आणि त्यांवर बेतलेली टाचणे यांची एकत्र तपासणी केली आहे.

राष्ट्रीय साक्षरता मिशनची स्थापना 1988 मध्ये झाली. 15 ते 35 या वयोगटासाठी तीन प्रवेशिका आणि सुमारे 200 तासांचे अध्यापन अशी त्याची योजना होती. निकष आकड्यांत दिलेले होते. आवडीच्या विषयावरील सोपा उतारा मिनिटाला 30 शब्द या गतीने मोठ्याने वाचणे, मूकवाचन मिनिटाला 35 शब्द, पाहून लिहिणे 7 शब्द, ऐकून लिहिणे 5 शब्द. अंकज्ञानात 1 ते 100 पर्यंतचे अंक, तीन अंकी बेरीज-वजाबाकी, दोन अंकी गुणाकार-भागाकार, वजन-माप-वेळ यांचे व्यावहारिक ज्ञान आणि अपूर्णांक न वापरता प्रमाण व व्याज यांची ढोबळ कल्पना. याखेरीज रस्त्यावरील पाट्या, साध्या सूचना व नवसाक्षरांसाठीची वृत्तपत्रे समजून वाचणे आणि छोटी पत्रे, अर्ज व फॉर्म स्वतः लिहिणे.

आकड्यांमुळे हे निकष यांत्रिक आहेत, अशी टीका झाली. ती अर्धीच खरी आहे. आवडीचा विषय, अर्ज, पाट्या, व्याज हे शब्द निकषातच आहेत. ते गाळले ते टाचण लिहिणाऱ्यांनी. याचे कारण आपल्या अध्यापक प्रशिक्षणात शोधावे लागते. हर्बार्टची पंचपदी आपल्या हाताला इतकी सवयीची झाली आहे की चाळीस वर्षांच्या बाईसमोरही आपण प्रस्तावनेचे तेच प्रश्न विचारतो, जे दुसरीच्या मुलाला विचारले असते. राल्फ टायलर यांनी 1949 मध्येच उद्दिष्ट, अनुभव आणि मूल्यमापन यांची साखळी मांडली होती. विगिन्स व मॅकटाय यांनी 1998 मध्ये आधी पुरावा ठरवा, मग पाठ आखा, असा क्रम उलटवून दाखवला. आपण ही नावे परीक्षेत लिहितो आणि टाचणात विसरतो.

एक पाठ घेऊन पाहू. निकषातील घटक आहे व्याज. पुरावा काय मानायचा? बाईने 5000 रुपये ‘शेकडा तीन’ दराने घेतले, तर महिन्याचे व्याज तिने कागदावर मांडून दाखवावे. पाच हजारांत 50 शेकडे, 50 गुणिले 3 म्हणजे 150. बारा महिन्यांचे 1800. ही बाई हा हिशेब तोंडी करू शकते, आपल्यापेक्षा झटकन करू शकते. तिला तोंडी येते ते कागदावर उतरवणे आणि दुसऱ्याने कागदावर उतरवलेले तपासणे, एवढाच पाठाचा विषय आहे. मग सुरुवात शेकड्याच्या व्याख्येने न करता तिच्या तोंडी उत्तराने करावी लागेल. निपाणीसारख्या ठिकाणी विडी वळणाऱ्या स्त्रियांच्या वर्गात हाच पाठ वेगळा होईल. तेथे पुस्तकातील नोंद वाचणे हा पुरावा: किती पाने, किती तंबाखू दिली, किती विड्या घेतल्या, किती खराब म्हणून बाजूला काढल्या. मजकूर चार ओळींचा, पण त्यावर मजुरी अवलंबून असते.

याच उदाहरणात निकषाचा दोषही उघड होतो. 1 ते 100 पर्यंतच अंक वाचणाऱ्याने तीन अंकी बेरीज कशी करावी, याचे उत्तर निकष देत नाही. सावकाराने पहिल्या महिन्याचे व्याज आधीच कापून घेतले, तर हातात 4850 येतात. ही वजाबाकी चार अंकी आहे. निकष लिहिला गेला त्यानंतर रुपयाचे मोल घटले, म्हणून तो आता अपुरा पडतो असे म्हणता येईल. पण पायाच डळमळीत होता.

दुसरा दोष भाषेचा आहे, आणि आपल्यासारख्या बहुभाषक जिल्ह्यांत तो अधिक बोचतो. उर्दूत किंवा हिंदीत ‘घर के सामने’ हे तीन शब्द, मराठीत ‘घरासमोर’ हा एक. ‘दुकानदार से’ दोन, ‘दुकानदाराकडून’ एक. मिनिटाला 30 शब्द ही गती दोन्ही भाषांत सारखी मानणे म्हणजे मराठी वाचणाऱ्याकडून प्रत्यक्षात अधिक काम मागणे. गती मोजायचीच तर शब्दांऐवजी अक्षरे मोजावीत, निदान टाचणात तशी नोंद करावी.

तिसरी बाब आपल्या वर्गांशी थेट निगडित आहे. आपल्या वर्गात येणाऱ्या अनेक स्त्रिया नाझरा शिकलेल्या असतात. अरबी अक्षरे ओळखून उच्चारता येतात, अर्थ कळत नाही. समजून वाचण्याची अट असल्याने निकष त्यांना निरक्षर धरतो. पाठटाचणही त्यांना कोरी पाटी धरते, आणि ही चूक निकषाची नाही. स्क्रिब्नर व कोल यांनी लायबेरियातील वाई लोकांचा अभ्यास 1981 मध्ये प्रसिद्ध केला. साक्षरतेचा परिणाम सरसकट होत नाही. ती ज्या कामासाठी वापरली जाते तेथेच तो दिसतो, असे त्यांना आढळले. कुराण पठण शिकलेल्यांची क्रमाने वाढत जाणारी यादी लक्षात ठेवण्याची क्षमता अधिक होती. याचा अर्थ नाझरा म्हणजे साक्षरता नव्हे. अर्थ एवढाच की चिन्ह व ध्वनी यांचा मेळ या बाईला माहीत आहे आणि पुष्कळ पाठ करण्याची सवय आहे. देवनागरी शिकवताना पूर्वज्ञान या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याऐवजी हे लिहिले, तर पहिले काही पाठ निम्म्यावर येतील. दिशा उलटी असते, याची मात्र नोंद हवी.

2022 ते 2027 या कालावधीसाठी मंजूर झालेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमात, म्हणजे ‘उल्लास’मध्ये, वयोमर्यादा 15 वर्षे व त्यापुढे अशी आहे आणि चाचणी वाचन, लेखन व अंकज्ञान यांची मिळून 150 गुणांची आहे. चाचणी समोर असली की टाचण चाचणीसारखेच होऊ लागते. मिशनच्या काळातही घटकवार 50 टक्के व एकूण 70 टक्के हा नियम टाचणांत शिरला आणि अर्ज लिहिणे मागे पडले. पुढील टाचण तपासताना मी रकाने आधी वाचणार नाही. शेवटी कोणता कागद बाईच्या हातात येतो, तो पाहीन आणि मग वर जाईन.