कापसाचा खटला आणि समान कायदा

जागतिक व्यापार संघटनेत लहानमोठी सारी राष्ट्रे समान, असे पाठ्यपुस्तक सांगते; मीही वर्गात तेच शिकवतो. कापसाचा खटला मात्र वेगळे सांगतो. अमेरिकेच्या कापूस-अनुदानांविरुद्ध ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली आणि २००५ मध्ये अपीलही जिंकले. अमेरिकेने काही अनुदाने बंद केली, बाकीची चालू ठेवली. २००९ मध्ये ब्राझीलला तिच्या मालावर जादा जकात बसवण्याची परवानगी मिळाली, तेव्हा ती तडजोडीला आली. २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन तिने प्रकरण मिटवले.

याच अनुदानांविरुद्ध बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी २००३ मध्ये नुकसानभरपाई मागितली होती. ती मिळाली नाही. ज्याच्या जकातीने अमेरिकेचे काही बिघडत नाही, त्याने निकाल घेऊन करायचे काय?

कागदावरचा हक्क आपल्याला नवा नाही. महाडचे चवदार तळे नगरपालिकेने १९२४ मध्येच ठरावाने खुले केले होते; पाण्याला हात लागला तो १९२७ मध्ये, माणसे संघटित होऊन तळ्यावर गेली तेव्हा. समान कायदा हवाच. पण अंमलबजावणी फिर्यादीच्या ऐपतीवर सोपवणारा कायदा समान नव्हे.