निवडचाचणीतील स्त्रीस्वगते : ऐकणाऱ्याचा प्रश्न

नाट्यशिक्षणसंस्थांच्या प्रवेशपरीक्षा आणि नाट्यसंस्थांच्या निवडचाचण्या यांत उमेदवाराने एखादे स्वगत पाठ करून सादर करावे, ही प्रथा आता चांगलीच रूढ झाली आहे. स्वगत कोणते निवडावे हा प्रश्न बहुधा केवळ व्यवहाराचा समजला जातो आणि गुरुजनांच्या किंवा मैत्रिणींच्या सल्ल्यावर सोडून दिला जातो. परंतु ज्या उताऱ्यावर एखाद्या तरुणीची पहिली पारख व्हावयाची, तो नाटकातून तोडून काढला असता स्वतःच्या पायांवर उभा राहतो की नाही, हा प्रश्न वाङ्मयीन आहे. त्याचे उत्तर नाट्यसंहितेच्या रचनेतच शोधले पाहिजे. प्रस्तुत लेखात मराठी नाटकांतील मोजक्या स्त्रीभूमिकांच्या आधारे ते शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

अशा चाचण्यांत परीक्षक म्हणून बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकास अनेकदा आला आहे. मुलगा असेल तर तो 'नटसम्राटा'तील अप्पा बेलवलकर होतो आणि मुलगी असेल तर लीला बेणारे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. एका दुपारी आम्ही पाठोपाठ पाच बेणारे पाहिल्या. पहिल्या चौघींनी पहिल्याच वाक्यापासून रडावयास आरंभ केला. चौथीला एका सहपरीक्षकाने थांबवून विचारले, "हे सारे तुम्ही कोणाशी बोलत आहात?" ती क्षणभर गोंधळली आणि म्हणाली, "तुमच्याशीच, सर." आम्ही हसलो. उत्तर चुकले, असे आम्हां सर्वांनाच त्या वेळी वाटले. ते कितपत चुकले होते याचा विचार पुढे करू. प्रश्न मात्र योग्य होता. तो उतारा निवडण्यापूर्वीच स्वतःला विचारला गेला पाहिजे, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे.

घोटाळ्याचा आरंभ 'स्वगत' या शब्दापासूनच होतो. संस्कृत नाट्यशास्त्राने रंगमंचावरील भाषणाचे प्रकार पाडले ते ऐकणाऱ्यावरून, बोलणाऱ्यावरून नव्हे. जे सर्वांनी ऐकावयाचे ते प्रकाश. जे रंगमंचावरील कोणीच ऐकावयाचे नाही ते स्वगत. इतरांना वगळून एखाद्याशीच केलेले बोलणे ते जनांतिक किंवा अपवारित. आणि जे पात्र रंगमंचावर नाहीच त्याच्याशी, त्याची उत्तरे जणू आपल्या कानांवर पडत आहेत अशा रीतीने केलेले बोलणे ते आकाशभाषित. 'भाण' हा एकपात्री रूपकप्रकार तर सर्वस्वी या आकाशभाषितावर उभा आहे. विट एकटाच रंगमंचावर येतो, वाटेत भेटणाऱ्या अदृश्य माणसांशी बोलतो, त्यांचे म्हणणे स्वतःच उच्चारतो आणि त्यास उत्तर देतो. भाणात हा बोलणारा पुरुषच असतो, हे जाता जाता नमूद करून ठेवावयास हवे.

आज निवडचाचणीत ज्याला आपण सरसकट स्वगत म्हणतो त्यात हे भिन्न प्रकार एकत्र कोंबले गेले आहेत. आमचे मत असे की, चाचणीसाठी शुद्ध स्वगत बहुधा घातक ठरते आणि आकाशभाषित बहुधा उपकारक. स्वगतात नटीजवळ केवळ एक भावना असते. ती भावना जेथून उत्पन्न झाली तो दोन अंकांचा प्रवास तिच्या पाठीशी नसतो. ती तर नुकतीच दार लोटून आत आलेली असते. म्हणून ती भावना बाहेरून आणू पाहते, आवाज चढविते, आणि डोळ्यांना पाणी आले की आपले काम झाले असे समजते. आकाशभाषितात तिला करावयास काहीतरी असते. समोर नसलेल्या माणसाला पटवावयाचे असते, थोपवावयाचे असते, कधी फसवावयाचेही असते. भावनेची विवंचना तिला करावी लागत नाही. ती कामाच्या मागोमाग येते.

मराठीत स्त्रियांसाठी असे उतारे थोडे आहेत, आणि त्याचे कारण इतिहासात आहे. संगीत नाटकाच्या वैभवकाळात नायिकेचे अंतरंग मुख्यतः पदांतून प्रकट होई, आणि नायिका रंगविणारा नट बहुधा पुरुष असे. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू १९१९ साली प्रथम रंगमंचावर आणली ती बालगंधर्वांनी. तिची पदे बाजूला काढून केवळ गद्य म्हणावयास गेल्यास अर्धी सिंधू हातातून निसटते. पुढे १९३३ साली 'नाट्यमन्वंतर' या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणले. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच कराव्या आणि स्वगते अनैसर्गिक म्हणून टाकावी, या दोन्ही गोष्टी त्या वेळी एकदमच घडल्या. तत्पूर्वी स्त्रिया रंगभूमीवर नव्हत्या असे मुळीच नाही. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटकमंडळ्याही होऊन गेल्या होत्या. तथापि या योगायोगाचा परिणाम लांबवर पोहोचला. स्त्री स्वतःच्या आवाजात बोलावयास पुढे आली, आणि एकटीने बोलण्याची सोय त्याच सुमारास काढून घेतली गेली. वास्तववादी नाटकाच्या दिवाणखान्यात कोणालाही फार वेळ एकटे बोलता येत नाही. तेथे चहा येतो, दार वाजते, शेजारीण डोकावते.

या पोकळीत १९६७ साली बेणारेचे भाषण येऊन पडले. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुली त्याच्याकडे वळल्या यात नवल नाही. 'शांतता! कोर्ट चालू आहे' या नाटकातील हे भाषण आरंभी संहितेत नव्हते. दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहावरून तेंडुलकरांनी ते मागाहून लिहिले आणि सुलभा देशपांडे यांनी त्याला रंगमंचावर रूप दिले, ही हकीकत नाट्यप्रेमी मंडळींस परिचित आहे. मागाहून जोडलेला भाग सहज सुटा करता यावा, असे कोणालाही वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. अभिरूप न्यायालयाचा खेळ हळूहळू खरा होत जातो, साक्षीदार एकामागून एक बेणारेचे खाजगी आयुष्य उघडे करतात, आणि एरवी अखंड बोलणारी ही बाई गप्प होत जाते. हे वाढत जाणारे मौन हाच त्या भाषणाचा पाया होय. ते मौन ज्याने ऐकलेले नाही त्याला पुढचे भाषण केवळ गाऱ्हाण्यासारखे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसलेले काशीकर आरोपीला बोलावयास अवघ्या दहा सेकंदांचा अवधी देतात. त्या अवधीत इतर पात्रे जागच्या जागी गोठतात आणि बेणारे कितीतरी वेळ बोलते. ती थांबते, मंडळी पुन्हा हालू लागतात, आणि न्यायालयाच्या लेखी आरोपीने काहीच सांगितलेले नसते. म्हणजे हे भाषण झाले, आणि झाले नाहीही. कोणी ऐकले नाही म्हणून ते स्वगत; पण त्याची घडण प्रकाशाची, कारण ती न्यायासनाला उद्देशून, न्यायालयातील संबोधने वापरून बोलते. मधेच ती न्यायासनाला सोडून स्वतःशी, स्वतःच्या देहाशी बोलू लागते. या भूमिकेचे खरे आव्हान रडण्यात नाही; ऐकणारा क्षणोक्षणी बदलतो, आणि तो प्रत्येक बदल नजरेतून दिसावा लागतो, यात आहे. शिवाय तिच्या बोलण्यात थट्टेचा आणि नाटकीपणाचा जो अंश आहे, तो चाचणीत हटकून गळतो. पहिल्या अंकात हीच बाई आपल्या सोबत्यांची टिंगल करीत असते, याचे स्मरण कोणालाच राहत नाही. ज्या मुलीस बेणारेच करावयाची असेल तिने भाषणाचा आरंभीचा भाग घ्यावा, जेथे न्यायालयाची भाषा अद्याप तिच्या हातात खेळण्यासारखी आहे. मामाविषयीचा आणि प्राध्यापक दामल्यांविषयीचा भाग, तो कितीही परिणामकारक असला तरी, रंगमंचावरील बेणारेसाठी सोडून द्यावा. अडीच-तीन मिनिटांत तेथवर प्रामाणिकपणे पोहोचता येत नाही.

प्रशांत दळवी यांच्या 'चारचौघी'तील (१९९१) विद्याचा दूरध्वनीवरील प्रवेश ही अलीकडच्या उमेदवारांची दुसरी आवड आहे. वंदना गुप्ते यांनी तो गाजविला, आणि २०२२ साली नाटक पुन्हा रंगभूमीवर आले तेव्हा मुक्ता बर्वे यांनी. पतीचे दुसऱ्या स्त्रीशी असलेले संबंध कळल्यावर विद्या त्याच्याशी बोलते आणि त्याचा एक शब्दही आपल्या कानी पडत नाही. हे आकाशभाषितच होय. वास्तववादाने हिरावून घेतलेले एकटीचे बोलणे दूरध्वनीने मागील दाराने परत आणून दिले. फ्रान्समध्ये झाँ कॉक्तो याने १९३० सालीच ही युक्ती एका सबंध एकांकिकेसाठी योजिली होती. तिच्यातील स्त्री लपविते, विनविते, खोटे बोलते. विद्या मात्र बोलता बोलता विचार करीत निर्णयाकडे जाते, आणि म्हणून चाचणीसाठी तीच अधिक चांगली.

येथे उमेदवारांकडून चूक होते ती एकच, पण ती सर्वत्र होते. त्या पलीकडच्या माणसाला बोलू देत नाहीत. त्याचे वाक्य संपण्यापूर्वी यांचे उत्तर सुरू होते, कारण उत्तर पाठ असते आणि प्रश्न पाठ नसतो. परीक्षकाने मनातल्या मनात त्या नवऱ्याची वाक्ये म्हणून पाहावीत. ती मधल्या विरामात मावत नसतील तर नटी ऐकत नाही, हे उघड आहे. आणि जी ऐकत नाही तिचे बोलणे कितीही स्पष्ट असले तरी व्यर्थ होय. आम्ही आमच्या विद्यार्थिनींस पतीची सारी वाक्ये लिहून काढावयास सांगतो. कंटाळवाणे काम आहे, पण त्याने प्रवेश निम्म्याने बदलतो.

निवडचाचणीच्या दृष्टीने आम्हांस सर्वांत मोलाचा वाटणारा उतारा मात्र क्वचितच कोणी निवडते. 'सखाराम बाइंडर' (१९७२) या नाटकात नवऱ्याने टाकलेली लक्ष्मी सखारामच्या घरी राहावयास येते. घर कडक नियमांचे. मोकळेपणाने बोलावयास कोणी नाही. ती एका मुंगळ्याशी बोलू लागते. त्याला खाऊ घालते, दटावते, स्वतःशीच हसते. सखारामच्या कानांवर ते बोलणे पडते आणि घरात कोणी आहे की काय, अशी शंका त्याला येते. प्रसंग लहान आहे, त्यात एकही अश्रू नाही, आणि पूर्वपीठिका सांगावी लागत नाही. नटीला एवढेच करावयाचे आहे की, तो मुंगळा आम्हांस दिसावा. तो जमिनीवर कोठून कोठे गेला हे तिच्या डोळ्यांवरून कळले पाहिजे, तो थांबला की तिचे बोलणे थांबले पाहिजे. तिचा एकटेपणा ती बोलून दाखवीत नाही, म्हणूनच तो आपल्याला दिसतो. शिवाय हीच लक्ष्मी शेवटी चंपाच्या प्रेतापाशी केवढी निष्ठुर आणि खंबीर होते, हे ज्या मुलीने सबंध नाटक वाचून जाणले असेल, तिच्या लाडिक दटावणीतही एक धार येईल. नाटक वाचले आहे की केवळ उतारा, याची पारख यासारखी दुसरीकडे होत नाही.

मग मुली हा उतारा का निवडीत नाहीत? त्या निवडीत नाहीत याचा दोष त्यांच्याकडे थोडा आणि आमच्याकडे अधिक आहे. आम्ही परीक्षक मोठ्या आक्रोशाला मोठा अभिनय समजत आलो, आणि ही गोष्ट मुलींच्या कानावर गेलेली आहे. त्यामुळे अठरा-वीस वर्षांची मुलगी अभिनयाच्या पहिल्याच पायरीवर असे शिकते की, स्त्रीची भूमिका म्हणजे सोसणे आणि शेवटी त्याबद्दल ओरडणे. हसरी, कावेबाज, आळशी, विद्वान किंवा नुसतीच चौकस बाई तिला कधी करून पाहावीशी वाटत नाही. ज्या मुलीत विनोदाचे उपजत अंग आहे, ती ते घरी ठेवून येते. अशा किती जणी आमच्यासमोरून निघून गेल्या असतील, हे आता कळण्यास मार्ग नाही.

परीक्षकांकडे पाहून बोलावे की नाही, हा प्रश्न उमेदवार नेहमी विचारतात. त्याचे एकच एक उत्तर नाही. सुषमा देशपांडे यांच्या 'व्हय, मी सावित्रीबाई' या एकपात्री प्रयोगात सावित्रीबाई समोर बसलेल्या लोकांशीच बोलते. तेथे आमच्या डोळ्यांत न पाहणे हीच चूक. विद्याने आमच्याकडे पाहिले तर तिचा दूरध्वनी खोटा पडतो. लक्ष्मीला तर मान वर करावयाचेही कारण नाही.

राहिली बेणारे. 'तुमच्याशीच' असे म्हणणाऱ्या त्या चौथ्या मुलीसमोर एक लांब मेज होते, मेजामागे तिघे बसलेले होते, मध्यभागी एक घड्याळ ठेवलेले होते, आणि बोलावयाचा अवधी आम्ही ठरवून दिलेला होता. ती बोलत असताना आमच्यापैकी एक जण आधीच्या मुलीच्या गुणांची बेरीज करीत होते. ती ज्यांच्याशी बोलत होती ते समोर होते आणि ऐकत नव्हते. तेंडुलकरांनी मांडलेली स्थिती याहून फारशी निराळी नाही. तिच्या उत्तरास हसण्यापेक्षा आम्ही तिला एवढेच विचारावयास हवे होते की, मग तुम्ही आमच्याकडे पाहिले का नाही? कारण तिची नजर पहिल्यापासून आमच्या डोक्यांवरील भिंतीला लागून होती. तो प्रश्न कोणी विचारला नाही. वेळ संपली होती, आणि पाचवीचे नाव पुकारले गेले.